कातीव वाडगा

'कातणे' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे चरखा किंवा टकळी उभी राहते. कापसाच्या पेळूतून सूत काढणे म्हणजे कातणे, हे खरेच आहे. परंतु मराठीत या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो आज पुष्कळांना ठाऊक नसतो. लाकूड यंत्रावर गरगर फिरवीत त्याला गोल व गुळगुळीत आकार द्यावयाचा, यालाही कातणेच म्हणतात. हे काम करणारा तो कातारी. तुमच्या घरातील लाटणे, देव्हाऱ्याचे नक्षीदार खांब, पाळण्याचे दांडे, इतकेच काय पण तुम्ही अंगणात फिरविता तो भोवरा, ही सारी कातकामाचीच अपत्ये होत. एखादी वस्तू घोटीव आणि रेखीव असली की आपण तिला 'कातीव' म्हणतो. तो शब्दही याच कुळातला.

सूत कातणारा आणि लाकूड कातणारा एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. आमच्या आक्काच्या निमित्ताने मात्र मी ही दोन कामे एका जागी आलेली पाहिली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू मंदावत गेली आणि आता तिला उजेड व अंधार एवढाच भेद कळतो. तरीही तिचे विणकाम थांबले नव्हते. लोकरीची टोपडी विणावयाची आणि ओळखीच्या घरी बाळ जन्मले की पाठवून द्यावयाची, हा तिचा पुष्कळ वर्षांचा नेम. टाके ती डोळ्यांनी नव्हे, बोटांनी मोजते. तिला अडचण होती ती एकाच गोष्टीची. लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळला की तो कोठे गेला हे तिला कळत नसे. २०२१ च्या जानेवारीत असाच एक गुंडा पलंगाखाली गेला. तो चाचपडत शोधताना तिचा तोल गेला आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. हात बरा झाला, पण घरातील सर्वांनी तिला सांगितले की, आता हे विणणे पुरे. असे सांगणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. आक्का काही बोलली नाही. तिने सुया कपाटात ठेवून दिल्या आणि ती दिवसभर खिडकीशी नुसती बसून राहू लागली. ते पाहिल्यावर आपण काय केले हे मला उमगले.

गुंडा डब्यात ठेवला तर, असे तुम्ही म्हणाल. तोही प्रयोग आम्ही करून पाहिला होता. पत्र्याचा डबा हलका असतो. धागा ओढला की डबाच मागोमाग सरकत येतो. त्याच्या काठावर घासून लोकरीचे तंतू सुटतात. शिवाय गुंडा डब्याच्या कोपऱ्यात अडकून बसतो, आणि झटका दिला की टुणकन बाहेर उडी मारतो. तेव्हा आम्हांला हवा होता एक जड बुडाचा, आतून काचेसारखा गुळगुळीत, गोलसर वाडगा. त्याचा काठ किंचित आत वळलेला असावा, म्हणजे गुंडा उडी मारणार नाही. आणि त्या काठाला एक वाकडी खाच असावी. धागा त्या खाचेत अडकविला की तो नेहमी एकाच जागेवरून बाहेर येतो. गुंडा आत स्वस्थ फिरत राहतो. परदेशांत विणकाम करणारी मंडळी असे वाडगे वापरतात. माझ्या भाचीने त्याचे छायाचित्र मला दाखविले आणि मी ते घेऊन सावंतवाडीला एका कातारीबुवांकडे गेलो.

सावंतवाडी आमच्या गावापासून जवळच. तेथील रंगीत लाकडी खेळणी आणि लाखकाम फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. कातारीबुवांनी छायाचित्र निरखले आणि पहिला प्रश्न केला, ''गुरुजी, लाकूड कोणते देणार?''

लाकूड आमच्या घरचेच होते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले, त्या वेळी आमच्या परसातील जुना फणस उन्मळून पडला. आक्काच्या लहानपणाचा झोपाळा त्याच फणसाला बांधलेला असे. फणसाचे लाकूड पिवळेधमक असते व पुढे उजेडाने ते तांबूस तपकिरी होत जाते. ते फार हलके नाही आणि फार जडही नाही. त्यावर हत्यार चांगले चालते. कातारीबुवांनी ओंडक्यावर बोटाने टकटक केले व म्हणाले, ''लाकूड उत्तम आहे, पण ओले आहे. घाई करू नका.''

मी घाई केली. जुलै महिन्यातच मी त्यांच्याकडून त्या ओल्या लाकडाचा पातळ वाडगा कातून घेतला, त्याला खाचही पाडून घेतली. वाडगा दिसावयास देखणा होता. पण पावसाळा सरला, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले आणि एके दिवशी सकाळी वाडग्याच्या काठापासून तळापर्यंत एक चीर गेलेली दिसली. खाचेशीच ती सुरू झाली होती. वाडगा गोलही राहिला नव्हता. मी पट्टी लावून मोजले तेव्हा एका बाजूने त्याचा व्यास १५ सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूने १४ सेंटिमीटर ४ मिलिमीटर भरला. बूड वाकल्यामुळे तो टेबलावर डुगडुगत होता.

असे का झाले? लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या असंख्य बारीक नळ्यांची मोळी समजा. झाड जिवंत असताना या नळ्यांत आणि त्यांच्या भिंतींतही पाणी असते. ओंडका कापल्यावर नळ्यांतले पाणी आधी उडून जाते. त्याने लाकूड हलके होते, पण आकसत नाही. नंतर भिंतींतले पाणी जाऊ लागले की लाकूड आकसावयास लागते. मात्र ते सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. नळ्यांच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ मुळीच आकसत नाही. आडव्या दिशेने आकसते, आणि त्यातही बुंध्याच्या गोल वलयांच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या सुमारे निम्मेच ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. वाडग्याचे लाकूड बहुधा असे धरतात की, त्याचे तंतू वाडग्याच्या तोंडाला समांतर, आडवे पडावेत. म्हणून तंतूंच्या दिशेचा व्यास कायम राहतो आणि दुसरा कमी होतो. गोल वाडगा लंबगोल होतो. या ओढाताणीत जी जागा दुबळी असेल तेथे तडा जातो, आणि खाच पाडून ती दुबळी जागा आम्हीच करून ठेवली होती. पावसाळ्यात तुमच्या घरातील दारे फुगून चौकटीत अडकतात ना? तोच हा प्रकार, उलट्या दिशेचा.

उरलेला ओंडका सुदैवाने शाबूत होता, कारण त्याच्या दोन्ही तोंडांना कातारीबुवांनी पहिल्याच दिवशी मेण फासावयास सांगितले होते. तोंडाकडे नळ्या उघड्या असतात, तेथून पाणी फार लवकर उडते व तोंडे तडकतात. मेण लावले म्हणजे ती वाट बंद होते.

डिसेंबरात कामाला पुन्हा प्रारंभ झाला. या वेळी मी मुकाट्याने बाजूस बसून पाहण्याचे काम पत्करले.

कातकामाच्या यंत्राला जुन्या मराठीत चरक म्हणत. आज कारखान्यांत सर्वजण लेथ म्हणतात. पूर्वी दोन खुंटांमध्ये लाकूड धरून त्याला दोरीचा वेढा देत आणि एक गडी ती दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ओढी. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. कातारी हत्यार लावी ते फक्त लाकूड त्याच्याकडे फिरत असताना. आता विजेची मोटार आली आणि लाकूड एकाच दिशेने अखंड फिरते. मूळ तत्त्व मात्र बदललेले नाही. सुतार लाकूड स्थिर ठेवतो आणि रंधा चालवितो. कातारी लाकूड चालवितो आणि हत्यार स्थिर ठेवतो. कुंभाराच्या चाकाशीही याचे साम्य आहे, पण कुंभाराला एक सवलत असते. त्याची चूक ओल्या मातीत पुन्हा मिटविता येते. कातारी फक्त काढू शकतो. काढलेले परत लावता येत नाही.

कातारीबुवांनी ओंडक्याचा तुकडा करवतीने कापून त्याचे कोपरे उडविले, त्याच्या एका बाजूस लोखंडी तबकडी स्क्रूंनी घट्ट बसविली आणि ती यंत्राच्या दांड्यावर फिरवून आवळली. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला फडके, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ''सैल बाही आणि लेथ यांची गाठ पडू देऊ नये,'' असे म्हणून त्यांनी मला तीन पावले मागे सारले. ते उगीच नव्हे. लाकूड ओबडधोबड असताना ते यंत्र सावकाश चालवीत, पण पुढे वाडगा सेकंदाला सुमारे १५ फेरे घेऊ लागला. वाडग्याचा व्यास होता १७ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ५३ सेंटिमीटर. तेव्हा काठावरचा प्रत्येक बिंदू सेकंदाला जवळजवळ ८ मीटर धावत होता. शंभर मीटरची शर्यत साडेबारा सेकंदांत संपविणाऱ्या धावपटूचा हा वेग आहे. त्या वेगाने सुटलेला लाकडाचा तुकडा तोंडावर बसला तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

हत्यार म्हणजे लांब दांड्याची, पन्हळीसारख्या गोल पात्याची पटाशी. ती लोखंडी टेकणावर ठेवून ते प्रथम पात्यामागचा उतार फिरत्या लाकडावर नुसता टेकवीत, आणि मग दांडा हळूच उचलून धार लाकडाला लावीत. धार आधी लावली तर ती लाकडात रुतते आणि हत्यार हातातून हिसकले जाते. नीट लागलेल्या धारेतून लाकडाच्या लांब कुरळ्या पट्ट्या सुटू लागल्या. ओल्या फणसाचा उग्रगोड वास दुकानभर पसरला.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली. वाडग्याची बाहेरची बाजू कातताना ते हत्यार नेहमी तळाकडून काठाकडे नेत, आणि आतली बाजू कोरताना काठाकडून तळाकडे. याचे कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ''गुरुजी, कापल्या जाणाऱ्या तंतूच्या पाठीशी दुसरा तंतू उभा पाहिजे.'' कल्पना करा, मुलांची रांग उभी आहे आणि एका मुलाला कोणी ढकलले. त्याच्या मागे दुसरा मुलगा असेल तर तो टेकून उभा राहील. मागे कोणीच नसेल तर कोलमडेल. तंतूचेही तसेच. मागे आधार असला तर तो स्वच्छ कापला जातो. नसला तर मुळापासून उचकटतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. लोकरीला खरबरीत जागा मुळीच खपत नाही.

त्या दिवशी वाडगा पुरा झाला नाही, आणि तो पुरा करावयाचाही नव्हता. भिंत मुद्दाम जाड, जवळजवळ २ सेंटिमीटर ठेवली. व्यासाच्या एक-दशांशाहून ती कमी नको, असा कातकाम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. वाळताना वाडगा लंबगोल झाला तरी जाड भिंतीतून पुन्हा गोल काढता येतो. कागदात गुंडाळून तो जाडजूड वाडगा मी घरी आणला आणि वाऱ्याच्या झोतापासून दूर, माळ्यावर ठेवला. दर रविवारी मी त्याचे वजन करीत असे आणि पेन्सिलीने त्याच्याच बुडावर लिहीत असे. पहिल्या दिवशी ७८० ग्रॅम. महिन्याने ६४०. फेब्रुवारीअखेर ५४०. मार्चमध्ये ५१०, आणि एप्रिलमधील तीन रविवार सतत ५०० ग्रॅम. वजन उतरावयाचे थांबले म्हणजे लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल झाले. केवळ पाणी म्हणून २८० ग्रॅम उडून गेले होते! आक्काला हे आकडे मी वाचून दाखवीत असे. ती ऐकून घेई, पण सुया काही कपाटातून काढीत नसे.

मे २०२२ मध्ये वाडगा पुन्हा यंत्रावर चढला. या वेळी भिंत ७ मिलिमीटरपर्यंत पातळ केली, बूड मात्र १५ मिलिमीटर जाड राखले. खालचा भार जास्त असला म्हणजे धागा ओढला तरी वाडगा कलंडत नाही. मग काचकागदाने घासणे. प्रथम भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. आणि त्यानंतर लाख. लाख ही पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांपासून मिळते, हे तुम्हांस माहीत असेल. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर तिचा थर बसतो. केवड्याच्या पानाचा तुकडा त्यावर धरला की तो थर सर्वत्र सारखा पसरतो व चमकू लागतो. आम्ही रंग न घातलेली लाख वापरली. तेल चोळावयास कातारीबुवा तयार नव्हते; ते पुरते सुकले नाही तर बाळाच्या पांढऱ्या टोपड्याला डाग पडेल, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले.

खाच सर्वांत शेवटी, कारण खाच पाडलेला वाडगा यंत्रावर फिरविणे धोक्याचे. ती कोठे पाडावी यावरून आमचा थोडा वाद झाला. काठावर एके ठिकाणी लाकडाची रेषा फार सुंदर उमटली होती. खाच तेथे असावी असे मला वाटत होते. कातारीबुवांनी खाली पडलेल्या ढलप्यांतून दोन काड्या उचलल्या. एकीत तंतू लांबीने गेले होते, दुसरीत आडवे. पहिली काडी वाकली पण मोडली नाही. दुसरी बिस्किटासारखी काडकन तुटली. ''तुमच्या त्या सुंदर जागी तंतू भिंतीतून आरपार जातात,'' ते म्हणाले. ''खाच वळली की तिच्या कडेला लाकडाची एक जीभ उरते. ती जीभ तेथे या दुसऱ्या काडीसारखी होईल.'' मग जेथे तंतू काठाच्या बरोबरीने जातात त्या बाजूस खाच आखली. भिंतीच्या मध्यावर गिरमिटाने एक भोक पाडले. काठापासून तिरपी उतरून, छत्रीच्या मुठीसारखा बाक घेऊन त्या भोकाशी मिळणारी वाट बारीक करवतीने कापली. वाट वाकडी असल्याने धागा आपोआप वर सरकून सुटत नाही; सोडवावयाचा असेल तर मात्र हाताने सहज सुटतो. कानशीने कडा गोल केल्या, बारीक काचकागद फिरविला आणि मेण चोळले. आम्ही दोघांनी तो उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिला. कोठेही दोष दिसला नाही.

आक्काने वाडगा मांडीवर घेतला. तळवा आतून फिरविला, बाहेरून फिरविला. मग करंगळी खाचेत घालून सावकाश खालपर्यंत नेली आणि थांबली. ''येथे बोचते,'' ती म्हणाली. मला काही जाणवेना. तिने लोकरीचा धागा मागितला, खाचेतून दोनदा ओढला आणि माझ्या हाती दिला. धाग्यावर केसाएवढा एक तंतू उभा राहिला होता. भोक आणि वाट जेथे मिळतात तेथे, आतल्या बाजूस, एक कुसळ राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी वाडगा पुन्हा सावंतवाडीस गेला. कातारीबुवांनी काचकागदाची दोरीसारखी बारीक पट्टी कापली, ती खाचेतून घातली आणि दोन्ही टोके धरून पाऊण तास मागेपुढे ओढीत बसले. परत देताना म्हणाले, ''या कामाचे पैसे नकोत. चूक माझ्या डोळ्यांची होती.''

आता आक्का खिडकीशी बसते ती विणीत बसते. वाडगा तिच्या उजव्या हाताशी, स्टुलावर असतो. धागा ओढला की गुंडा आत फिरतो आणि लाकडावर त्याचा हलका आवाज होतो. मोठा गुंडा दबक्या आवाजात लोळतो. तो लहान होत गेला की त्याच्या गोटीसारख्या उड्या ऐकू येऊ लागतात. हा फरक मला पुष्कळ दिवस कळला नव्हता. एकदा मी शेजारी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, तेव्हा सुया न थांबविताच ती म्हणाली, ''ऊठ, कपाटातून दुसरा गुंडा काढून दे. हा संपत आला.''